शेतघरचें मांजर : उंदीर, शेळ्या आणि माणसाचें आरोग्य

शेतकऱ्याच्या घरीं वावरणाऱ्या जनावरांपैकीं गाय, बैल, शेळी, कोंबडी, फार काय राखणीचा कुत्रा, या सर्वांचा हिशेब तो ठेवतो. मांजराचा हिशेब मात्र कोणीच ठेवीत नाहीं. तें विकत आणलेलें नसतें, त्याला दावें लागत नाहीं, आणि त्याच्या वैरणीचा खर्चहि नसतो. कणगीच्या आडोशाला तें राहतें, पेंढ्याच्या उडवींत वितें, आणि उंदीर, माशांचीं डोकीं व सांडलेलें दूध यांवर पोट भरतें. डहाणू व तलासरी या तालुक्यांत अशा मांजरांची सर्वत्र सोय आहे. किनाऱ्याच्या गांवीं बोंबील वाळत असतात. वाड्यांतून चिकूच्या झाडांखालीं भुसभुशीत माती व थंड सावली असते. आणि डोंगराकडील पाड्यांवर कुडाच्या घरांत धान्य, शेळ्या व माणसें एकाच छपराखालीं नांदतात. ज्याचा हिशेब नाहीं त्याच्या नफ्यातोट्याचा विचारहि होत नाहीं. तो विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण या जनावराचा एका बाजूनें धान्याच्या रक्षणाशीं, तर दुसऱ्या बाजूनें शेळ्यांच्या गाभाशीं व गरोदर स्त्रियांच्या प्रकृतीशीं निकट संबंध आहे.

मांजराविषयीं आमच्या समाजांत दोन टोकांचीं मतें आढळतात. एक मत असें कीं, मांजर मारणें हें मोठें पातक असून त्याच्या क्षालनार्थ काशीस जाऊन सोन्याचें मांजर दान करावें लागतें. सबब मांजरें कितीहि वाढोत, त्यांच्या वाटेस जाऊं नये. दुसरें मत असें कीं, हीं सारीं घाणेरडीं व रोगट जनावरें असून तीं गोणींत भरून दूर सोडून द्यावींत. पहिल्या मतानें मांजरें वाढतात; दुसऱ्या मतानें तीं एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातात. रोगाचें मूळ या दोहोंपैकीं कोणाच्याच हातीं लागत नाहीं. तें मूळ कोठें आहे हें एकदां समजलें म्हणजे उपाय सोपा आहे व फारसा खर्चाचाहि नाहीं, हें वाचकांस पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्लेगच्या काळांतील शिफारस

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि पुढें तो देशाच्या अनेक भागांत पसरला. उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा यांचा या रोगाशीं असलेला संबंध ध्यानीं आल्यावर अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनीं खेड्यापाड्यांच्या निरीक्षणावरून असें मत मांडलें कीं, ज्या गांवीं मांजरें पुष्कळ, तेथें प्लेगचा उपद्रव कमी. त्यांचा यासंबंधींचा लेख १९०८ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मांजरें हीं प्लेगचीं प्रतिबंधक होत, हेंच त्या लेखाचें सूत्र होतें. आमच्याच प्रांतांतील खेड्यांवरून निघालेलें हें मत त्या काळीं दूरवर पोंचलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्या मतांत सत्याचा अंश होता; परंतु तें पूर्ण सत्य नव्हतें. मांजरासहि प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागांत १९७७ पासून पुढें आजारी मांजराच्या संसर्गानें माणसांस प्लेग झाल्याचीं उदाहरणें नोंदलेलीं आहेत. तसेंच मांजराच्या पराक्रमासहि मर्यादा आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत कचऱ्याच्या एका कारखान्यांत मोठ्या उंदरांच्या वसाहतीवर कांहीं महिने कॅमेऱ्यानें पाळत ठेवण्यांत आली, व तिचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. मांजरांची ये-जा सतत चालू असतांहि त्यांनीं अवघे दोन उंदीर मारल्याचें त्यांत दिसून आलें. मात्र मांजरें फिरकूं लागलीं कीं उंदीर आडोसा धरून राहत. आमच्याकडेहि घुशीच्या अंगावर जाण्यास मांजर कचरतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. घरांतील लहान उंदीर व मोठ्या उंदरांचीं पिलें हेंच त्याचें खरें भक्ष्य. यास्तव कणगीची राखण मांजरावर सर्वस्वीं सोंपवितां येत नाहीं. पण ज्या घरीं कणगी उघडी आहे तेथें मांजर अजिबात नसणें हेंहि परवडत नाहीं. उंदीर वाढले म्हणजे धान्य तर जातेंच, शिवाय त्यांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ज्वर भातखाचरांतील चिखलांत व सांचलेल्या पाण्यांत पसरतो. २००५ सालच्या जुलै महिन्यांतील अतिवृष्टीनंतर मुंबईंत या ज्वरानें केवढा कहर केला, हें सर्वांस ठाऊक आहे. अनवाणी आवणी करणाऱ्या माणसानें उंदरास क्षुल्लक समजूं नये.

धनुष्याकृति जीव

योगायोग असा कीं, ज्या १९०८ सालीं बुकॅनन यांचा लेख प्रसिद्ध झाला, त्याच सालीं ट्यूनिस शहरीं निकोल व मान्सो या दोन शास्त्रज्ञांनीं गुंडी नांवाच्या, उंदराच्या वर्गांतील एका प्राण्याच्या शरीरांत एक नवा सूक्ष्म परोपजीवी जीव शोधून काढला. त्याचा आकार धनुष्यासारखा वांकडा असल्यामुळें ग्रीक भाषेंतील धनुष्यवाचक शब्दावरून त्याचें नांव टॉक्सोप्लाझ्मा असें ठेवण्यांत आलें. पुढें हा जीव मेंढ्या, शेळ्या, डुकरें, कोंबड्या, उंदीर व माणसें अशा नाना प्राण्यांत सांपडूं लागला. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसावाटे तो शरीरांत शिरतो हें कळलें; परंतु केवळ चारा खाणाऱ्या शेळ्यामेंढ्यांस तो कोठून जडतो, हें कोडें साठ वर्षें सुटलें नाहीं. १९७० च्या सुमारास निरनिराळ्या देशांतील संशोधकांनीं तें सोडविलें. या जीवाची पुनरुत्पत्ति फक्त मांजराच्या कुळांतील प्राण्यांच्या आंतड्यांत पूर्ण होते, असें तेव्हां सिद्ध झालें. पॅसिफिक महासागरांतील ज्या लहान बेटांवर मांजरें नव्हतीं, तेथील लोकांत या रोगाची खूण जवळजवळ आढळली नाहीं, या निरीक्षणानेंहि त्या निष्कर्षास बळकटी दिली.

याचा क्रम असा आहे. मांजराचें पिलूं शिकार करूं लागलें म्हणजे केव्हां तरी तें बाधा झालेला उंदीर किंवा पक्षी खातें. उंदराच्या मांसांतील जीव त्याच्या आंतड्यांत वाढतात, आणि कांहीं दिवसांनीं त्याच्या विष्ठेंतून त्यांचे बीजकोश बाहेर पडूं लागतात. एक बीजकोश मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे नुसत्या डोळ्यांस न दिसणारा असतो. परंतु थोड्याच दिवसांत त्यांची संख्या कोट्यवधींवर जाते. हें एक ते तीन आठवडे चालतें व नंतर थांबतें.

येथें दोन गोष्टी शेतकऱ्यानें पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, ताज्या विष्ठेंतील बीजकोश बाधक नसतात. हवा व ऊब यांच्या योगें ते पक्व होण्यास एक ते पांच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढून टाकली तर बहुतेक धोका टळतो. दुसरी ही कीं, एकदां पक्व झालेले बीजकोश ओलसर व सावलीच्या मातींत वर्षभर किंवा त्याहूनहि अधिक काळ जिवंत राहतात. कडक ऊन व कोरडेपणा त्यांस मारक आहे. गारवा व ओल त्यांस पोषक आहे. चिकूच्या आळ्यांतील माती, भाजीचे वाफे, विहिरीच्या थारोळ्याभोंवतालची जागा, अशी मऊ व दमट माती मांजर विष्ठा पुरण्यासाठीं मुद्दाम शोधीत असतें. आणि रोगजीवास मानवते तीहि हीच माती होय.

शेळीचा गाभ कां गळतो ?

शेळीस गरिबाची गाय म्हणतात. पाड्यावरील कुटुंबास आजारपण, बी-बियाणें किंवा मुलांची शाळा यांसाठीं रोख पैसा लागला म्हणजे बोकड विकूनच तो उभा राहतो. अशा घरच्या चार शेळ्यांपैकीं दोघींचा गाभ एका हंगामांत गळाला, तर तें नुकसान लहान म्हणतां येणार नाहीं. शेळीचा गर्भकाळ सुमारे दीडशें दिवसांचा असतो. गाभण असतांना शेळीच्या पोटांत हे बीजकोश आयुष्यांत प्रथमच गेले तर कधीं गाभ मध्येंच गळतो, कधीं आंतल्या आंत वाळलेलें करडूं पडतें, कधीं दोहोंपैकीं एक मेलेलें व दुसरें अशक्त जन्मतें. शेळी स्वतः वरकरणी निरोगी दिसते. त्यामुळें नजर लागली, उडी मारतांना मार बसला, अशीं कारणें शोधलीं जातात, आणि खरें कारण पेंढ्याच्या उडवींत तसेंच राहतें.

मेंढ्यांच्या गर्भपाताचें हें कारण न्यूझीलंडमध्यें १९५० नंतरच्या दशकांत प्रथम उघडकीस आलें. पुढील शोधांत असें दिसून आलें कीं, ज्या कोठींत धान्य किंवा चारा सांठविलेला असे, तेथें मांजरी व्यालेली असे व तिचीं पिलें त्याच चाऱ्यावर घाण करीत. आमच्याकडे याहून निराळें काय घडतें ? भाद्रपद-आश्विनांत कापलेलें गवत व पुढें मळणीनंतरचा पेंढा रचून ठेवला कीं, त्याच्या उबेंत भाटी येऊन विते. पिलें तेथेंच वाढतात. तोच पेंढा पुढें गव्हाणींत पडतो. एका विष्ठेंत लक्षावधि बीजकोश असूं शकतात, आणि शेळीस बाधा होण्यास त्यांतले थोडेसेच पुरतात.

प्रत्येक गर्भपातास मांजरच जबाबदार आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. ब्रुसेला वगैरे दुसऱ्या रोगजंतूंनींहि गाभ गळतो, व त्यांतील कांहीं माणसासहि जडतात. म्हणून एकाच गोठ्यांत लागोपाठ दोन गाभ गळाले तर स्वस्थ बसूं नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्दी द्यावी, आणि पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें शेळीच्या रक्ताचा व वाराचा नमुना तपासणीस पाठवावा. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; या विद्येचा इतका जुना आधार आमच्या जवळ असतां अनुमानावर विसंबण्याचें कारण नाहीं. पडलेलें करडूं व वार उघड्या हातानें उचलूं नयेत, कुत्र्यामांजरांस खाऊं देऊं नयेत. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावेत. गरोदर बाईनें तर शेळीच्या वेतास हात लावूंच नये. गाभ गळालेली शेळी घाईनें कसायास विकण्याचीहि गरज नाहीं. रोग टॉक्सोप्लाझ्माचा ठरला तर तिच्या अंगीं प्रतिकारशक्ति आलेली असते, व पुढचें वेत ती बहुधा नीट देते. ब्रिटन व न्यूझीलंड येथें मेंढ्यांस या रोगाची लस टोंचतात. आमच्या शेतकऱ्याच्या हातीं ती नसल्यानें स्वच्छता हीच त्याची लस होय.

माणसास धोका

निरोगी माणसाच्या शरीरांत हा जीव शिरला तर बहुधा थोडी कणकण किंवा मानेच्या गांठींची सूज यापलीकडे कांहीं जाणवत नाहीं. पुष्कळांस तर बाधा झाल्याचें कळतहि नाहीं. दोन प्रसंगीं मात्र तो घातक ठरतो. एक, स्त्री गरोदर असतांना तिला प्रथमच बाधा झाली तर. अशा वेळीं गर्भपात होतो, किंवा मुलाच्या मेंदूस व डोळ्यांस इजा पोंचते. जिला गरोदरपणापूर्वींच बाधा होऊन गेली आहे, तिचें मूल सामान्यतः सुरक्षित असतें. दुसरा प्रसंग म्हणजे एड्स किंवा तत्सम कारणानें ज्याची प्रतिकारशक्ति क्षीण झाली आहे अशा रोग्याचा. याखेरीज डोळ्याच्या आंतील पडद्यास व्रण पडून दृष्टि अधू होणें, हा प्रकार धडधाकट माणसांतहि आढळतो.

मांजर मांडीवर घेतल्यानें वा कुरवाळल्यानें हा रोग सहसा होत नाहीं. मातीनें भरलेले हात, न धुतलेली भाजी, कच्चें शेळीचें दूध, अर्धवट शिजलेलें मांस आणि उघडें पाणी या त्याच्या वाटा आहेत. पाण्याची वाटहि मोठी. ब्राझील देशांत सांता इझाबेल दो इवाई नांवाच्या लहान गांवीं २००१ व २००२ या सालीं चारशेंहून अधिक लोकांस एकदम बाधा झाली. शोध घेतां गांवच्या पाण्याच्या टाकीच्या जागीं मांजरीनें पिलांसह बिऱ्हाड केल्याचें आढळलें. आमच्या देशांत कोइमतूर येथें २००४ व २००५ या सालीं सुमारे अडीचशें माणसें या रोगाच्या नेत्रविकारानें पीडलीं. तेथेंहि संशय शहराच्या पाणीपुरवठ्यावरच गेला. पटकी व हगवणीचे जंतु विहिरींत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीनें मरतात. टॉक्सोप्लाझ्माचे बीजकोश तिला दाद देत नाहींत. ते मरतात उकळीनें. म्हणून विहिरीस कठडा, टाकीस झांकण, आणि गरोदर बाईस उकळून गार केलेलें पाणी, या तीन गोष्टींत हयगय होऊं नये.

मांजराचे इतर रोग

टॉक्सोप्लाझ्मा न दिसणारा असल्यामुळें त्याचें विवेचन आम्हीं सविस्तर केलें. दिसणारे रोगहि थोडे नाहींत. मोकाट मांजराच्या आंतड्यांत बहुधा गोल जंत व अंकुशजंत असतात. गोल जंतांचीं अंडीं मातींत पडून मुलांच्या हातावाटे पोटांत गेलीं, तर त्यांतील अळ्या शरीरांत भटकतात व क्वचित् डोळ्यापर्यंत जातात. अंकुशजंतांच्या अळ्या ओल्या मातींतून अनवाणी पायाच्या कातडींत शिरतात, आणि तेथें वेडीवांकडी, लाल, अतिशय खाजणारी रेघ उमटते. पिलांशीं खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर गजकर्णाचे वाटोळे चट्टे उठतात. पिसवांपासून मांजरांत पसरणारा एक जंतु ओरखड्यावाटे माणसांत शिरला म्हणजे ताप येऊन काखेंत किंवा जांघेंत गांठ सुजते. वाड्यांत उघड्या पायांनीं काम करणाऱ्या मजुरांस पायांत घालण्यास कांहीं देणें आणि मुलांस जेवणापूर्वीं साबणानें हात धुण्याची संवय लावणें, यांनीं यांपैकीं बऱ्याच रोगांची वाट अडते.

या सर्वांत भयंकर रोग म्हणजे पिसाळणें. कुत्र्याच्या मानानें मांजर क्वचित् पिसाळतें. पण पिसाळलेलें मांजर अंधाऱ्या कोपऱ्यांत दडून एकाएकीं हातावर वा तोंडावर झेप घेतें, आणि तो दंश खोल असतो. मांजराचा चावा लहान दिसतो म्हणून हळद, चुना किंवा मिरची लावून लोक गप्प राहतात. असें करणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय. कारण या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे माणूस वांचत नाहीं. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पूर्ण पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं डहाणू, कासा किंवा तलासरी येथील सरकारी रुग्णालय गांठावें. लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशीं घ्याव्या; दोन घेऊन बरें वाटलें म्हणून थांबूं नये. भगतावर ज्यांचा विश्वास आहे त्यांच्याशीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. पण आधीं रुग्णालय, मग इतर सर्व, इतकें त्यांनीं आमचें ऐकावें.

कोंबड्या पाळणारांस आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. २०२५ सालच्या आरंभीं मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत घरमांजरांस बर्ड फ्ल्यूची लागण झाल्याचें आढळलें. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकून मांजरांस मेजवानी देण्याची रीत यापुढें बंद झाली पाहिजे.

कोणतें मांजर धोक्याचें ?

इतके दोष वाचून कोणी म्हणेल कीं, मग सगळीं मांजरें हांकलून द्यावीं हेंच बरें. आमचें सांगणें नेमकें याच्या उलट आहे, आणि तेंच या लेखाचें सार आहे. टॉक्सोप्लाझ्माचे बीजकोश मांजर सामान्यतः आयुष्यांत एकदांच, तेंहि पिलूं असतांना किंवा नुकतें शिकार करूं लागलें असतांना, दोन-तीन आठवडे टाकतें. त्यानंतर त्याच्या अंगीं प्रतिकारशक्ति येते, आणि तें पुन्हां बीजकोश क्वचितच टाकतें. म्हणजे पांच-सहा वर्षें गोठ्यांत राहिलेली, उंदीर मारण्यांत तरबेज झालेली वयस्क भाटी या रोगाच्या दृष्टीनें जवळजवळ निरुपद्रवी होय. धोका आहे तो दरवर्षीं नव्यानें जन्मणाऱ्या पिलांच्या झुंडीपासून.

आतां गोणींत भरून मांजर सोडून देण्याच्या रीतीचा हिशेब पाहावा. जुनें मांजर गेलें कीं त्याची जागा फार दिवस रिकामी राहत नाहीं. उंदीर व उकिरडा असेपर्यंत शेजारचें एखादें तरुण मांजर तेथें येतें, विते, आणि पुन्हां पिलें होतात. निरुपद्रवी मांजर देऊन उपद्रवी मांजर घेतलें, असा हा सौदा आहे. ज्या गांवाच्या वेशीवर गोणी सुटली, त्या गांवासहि तोच आहेर जातो. विष घालून मारणें हें तर निर्दयपणाचें व १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्याविरुद्ध असून, तेंच विष कोंबड्या व राखणीचा कुत्राहि खातो. उलट पक्षीं, जुनी भाटी राखून तिची पैदास थांबविली तर ती आपल्या हद्दींत परकें मांजर सहसा टिकूं देत नाहीं, उंदरांवर धाक राहतो, आणि पिलेंच नसल्यानें रोगाचा झरा आटतो.

काय करावें ?

भाटी सहा महिन्यांची झाली कीं माजावर येऊं लागते. तिचा गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा असून एका वेतास तीन ते पांच पिलें होतात, व वर्षांत दोन-तीन वेतेंहि होऊं शकतात. या वेगापुढें पिलें वांटून टाकण्याचा उपाय कधींच पुरा पडणार नाहीं. वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया पशुवैद्य करतात, व ती एका जनावरास एकदांच करावी लागते. एकट्या शेतकऱ्यास त्यासाठीं खेप घालणें जड जातें. परंतु एका वाडीवरील किंवा पाड्यावरील दहा-बारा कुटुंबांनीं मिळून दिवस ठरविला, मांजरें पिंजऱ्यांत किंवा झांकलेल्या टोपलींत घालून आणलीं, व पशुवैद्यास आगाऊ कळविलें, तर श्रम व खर्च दोन्ही वांटले जातात. त्याच खेपेस जंतांचें औषध व पिसाळण्यावरील प्रतिबंधक लसहि देऊन घ्यावी. हें काम शेतकरी मंडळांनीं अंगावर घेण्याजोगें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

चाऱ्याची व्यवस्था ही दुसरी गोष्ट. पेंढ्याची उडवी मांचावर रचून ती ताडपत्रीनें किंवा झांपानें बंद ठेवावी. तिच्यांत भाटी व्याल्याचें दिसलें तर तो भाग गाभण शेळ्यांस घालूं नये. गव्हाण जमिनीपासून उंच असावी, आणि शेळ्यांचा खुराक झांकणाच्या डब्यांत राहावा. कणगीस खालून पत्रा व वरून झांकण केलें म्हणजे उंदीर कमी होतात, व उंदीर कमी झाले म्हणजे मांजराच्या पोटांत रोग जाण्याची वाटहि अरुंद होते.

तिसरी गोष्ट विष्ठेची. अंगणाच्या एका उन्हाच्या कोपऱ्यांत कोरड्या वाळूचा लहान वाफा करून दिला, तर घरचें मांजर बहुधा तेथेंच जातें. तेथील विष्ठा रोज सकाळीं फावड्यानें काढून खोल पुरावी; हें काम गरोदर बाईनें करूं नये. नव्या वाफ्यांवर कांटेरी फांद्या पसरल्यास मांजर माती उकरीत नाहीं. चिकूच्या आळ्यांतील गवत काढणाऱ्या बायांनीं काम संपल्यावर हात धुतल्यावांचून भाकरीस हात लावूं नये. २०१६ सालीं घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या फळाच्या नांवाला जी किंमत आली आहे ती राखावयाची, तर जमिनीवर पडलेलें फळ स्वच्छ पाण्यानें धुतल्याखेरीज पेटींत भरूं नये.

चौथी गोष्ट अन्नाची. मांजरास कच्चें मांस, कोंबडीचीं आंतडीं किंवा पडलेलें करडूं घालूं नये. शिजविलेल्या अन्नाचा उरलेला घांस घालावा. पोटभर मिळालें म्हणजे मांजर उंदीर मारीत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. शिकार हा त्याचा स्वभाव आहे, आणि उपाशी मांजर लांब भटकून नवे रोग घरीं घेऊन येतें. घरांतील दूध, मग तें शेळीचें असो वा म्हशीचें, उकळल्याशिवाय कोणीं पिऊं नये.

पाऊस सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें आपल्या वाडींत व गोठ्यांत मांजरें किती, त्यांतल्या भाट्या किती, व उडवींत पिलें आहेत कीं नाहींत, एवढें मोजावें. शेळ्यांच्या वहींत गाभ गळाल्याची तारीख व त्या वेळीं चारा कोठल्या उडवींतला होता, हेंहि लिहून ठेवावें. अशा नोंदी दोन-तीन हंगाम ठेवल्या, तर पशुवैद्यास निदान करणें सुलभ होईल, आणि कोणत्या गोठ्यांत काय सुधारावयाचें तें आपलें आपणांस दिसूं लागेल. ज्या घरीं यंदा कोणी बाई गरोदर आहे, त्या घरानें मात्र पावसाची वाट न पाहतां विहीर, टाकी व गव्हाण यांची व्यवस्था आजच पाहावी.